सात नंबरची दोरी

माझे थोरले दीर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. उभी नोकरी विरार ते सुरत यांच्या मधल्या स्टेशनांवर गेली. शेवटची काही वर्षं ते इथे, आमच्या डहाणू रोडलाच होते, पण तेव्हाही क्वार्टरमध्येच राहायचे, आमच्याकडे सणाला जेवायला यायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा छोट्या टेम्पोत मावेल एवढं सामान घेऊन आले. आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती, तिची खोली रिकामीच होती. ती त्यांना दिली.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा नवरा तलासरीला सरकारी कचेरीत आहे, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. त्यामुळे दिवसभर घरात भाऊजी एकटेच असायचे. त्यांचा त्रास असा काही नव्हता. चहा स्वतः करायचे, कप विसळून ठेवायचे, वर्तमानपत्राची घडी होती तशी घालायचे. माझ्याशी बोलायची वेळ आली की ‘बाई’ म्हणायचे, शाळेतली मुलं म्हणतात तसं. दुसरी काही हाक त्यांना सुचली नसावी. लग्नानंतरची पहिली वीस-बावीस वर्षं त्यांनी मला कुठलीच हाक मारली नव्हती.

त्याला कारण होतं आणि ते मला माहीत होतं. माझं माहेर वाढवणच्या बाजूचं. वडिलांची होडी होती. आई बोंबील सुकवायची आणि वाणगावच्या बाजारात विकायला बसायची. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नोकरीला लागले, मग हे स्थळ आलं. सासर म्हणजे पगारदार माणसांचं घर. सासरे पोस्टात, थोरला मुलगा रेल्वेत, धाकटा कचेरीत. मासे त्या घरातही खायचे, पण बाजारातून आणून. लग्न ठरत असताना थोरल्या मुलाने आईला सांगितलं होतं, की ही मुलगी नको, घरात माशाचा वास येईल. हे मला सासूबाईंनीच पहिल्या वर्षी सांगितलं. रागाने नाही, लसूण सोलता सोलता, ओघात सांगितलं. मी ऐकून घेतलं. नवऱ्याला विचारलं नाही. पुढे सासूबाई गेल्या, सासरे गेले, आणि ते वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं.

भाऊजींची कामाच्या निमित्ताने एका चिकूच्या वाडीच्या मालकांशी ओळख झाली होती. वाडीची मागची भिंत रेल्वेच्या हद्दीला लागून होती. वाडीवाले गुजरातीत बोलायचे, भाऊजी मराठीत, आणि दोघांचं वर्षानुवर्षं चहावर बरं चाललेलं. वाडीवाले थकले तेव्हा मुलीकडे कायमचे राहायला गेले. जाताना घरातल्या वस्तू वाटल्या. भाऊजींच्या वाट्याला एक मासे धरायची काठी आली. काठी म्हणजे फ्लाय रॉड. दोन तुकड्यांची, जोडल्यावर साडेआठ फुटांची, मधासारख्या रंगाची, मुठीला बुचाच्या लाकडाचं आवरण. मुठीच्या वर कधीकाळी अक्षरं होती, ती हाताच्या घामाने पुसून गेली होती. सोबत एक रीळ होतं. त्याच्यातल्या जुन्या दोरीचे वेढे एकमेकांना चिकटून तडकलेले, म्हणून ती फेकून दिली.

भाऊजींना छंद म्हणावा असं काही नव्हतं. पण काठी आल्यापासून ते फोनवर व्हिडिओ बघायला लागले. कुठल्याशा थंड देशातली माणसं नदीत उभी राहून काठी मागेपुढे हलवतात आणि डोक्यावरून दोरीचा लांब पट्टा उलगडत जातो, असे ते व्हिडिओ. त्यांनी दोरी मागवली. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की पाच नंबरची दोरी कशालाही चालते, म्हणून पाच नंबरची. ती हिरवी, गुळगुळीत, बाहेरून प्लास्टिकचा थर असलेली दोरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती वायरसारखी वाटली. एवढी जाड दोरी बघून मासा जवळ तरी येईल का, असं मनात आलं. बोलले नाही.

रोज सकाळी ते काठी घेऊन समुद्रावर जायला लागले. ओहोटीला वाळू मोकळी असते. गळ लावत नसत, टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचे, कारण हे शिक्षण होतं. दोन आठवडे गेले, महिना गेला. दोरी काही उलगडेना. ती त्यांच्या पायाशी गोळा व्हायची, कधी टोपीवर पडायची. एकदा कानावर लाल वळ घेऊन आले. मग उजव्या खांद्याला मलम चोळायला लागले. फिरायला येणारी माणसं थांबून बघायची, हे मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. नवऱ्याला मी म्हटलं, की त्यांना सांगा, खांदा दुखावेल. तो म्हणाला, राहू दे, त्याचा वेळ जातो.

ते घरी कुणाला काही म्हणत नसत. पण जेवताना त्यांचा हात मांडीवर हळूच मागेपुढे व्हायचा आणि थांबायचा. कुठे चुकतंय ते शोधत होते. व्हिडिओवाले सगळे सांगतात की चूक मनगटाची असते. त्यांनी मनगटाला फडक्याची पट्टी बांधून पाहिली.

एका शुक्रवारी मी जेवणाच्या टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले. खुर्ची ओढली नाही.

“बाई, तुमच्या शाळेत बारीक वजनाचा काटा असतो ना?”

मी म्हटलं, आहे.

“दोरी तोलायची होती.”

त्यांनी मग सांगितलं ते थोडक्यात असं. साध्या गळाला शिसं असतं. शिसं फेकलं की त्याच्यामागून दोरी जाते. ह्या प्रकारात शिसं नाही. टोकाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, तिला वजन असं नसतंच. म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. त्या वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना दोरी पुढे टाकते. दोरी हलकी असली तर काठी वाकत नाही, फार जड असली तर वाकून तशीच राहते. त्यासाठी दोऱ्यांना नंबर दिलेत. पहिल्या तीस फुटांचं वजन किती, त्यावरून नंबर. त्यांना संशय होता की त्यांना दिलेली दोरी पाच नंबरची नाहीच.

मी म्हटलं, उद्या शाळा सकाळची आहे, साडेअकराला या.

ते सव्वाअकरालाच येऊन फाटकाबाहेर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात काठी आणि पिशवीत रीळ. मुलं गेल्यावर मी प्रयोगशाळा उघडली. व्हरांड्यातल्या फरशा एक-एक फुटाच्या आहेत, त्यामुळे तीस फूट मोजायला टेप लागली नाही. दोरी कापायची नव्हती. तिसाव्या फुटाला खडूची खूण केली, तेवढी दोरी गुंडाळून काट्यावर ठेवली आणि उरलेली शेजारी स्टुलावर, ताण पडणार नाही अशी सैल सोडली.

साडेपाच ग्रॅम भरलं. पाच नंबरला नऊ ग्रॅम आणि थोडं वर पाहिजे. साडेपाच म्हणजे तीन नंबरपेक्षाही कमी.

“बघा,” ते म्हणाले. “फसवलं.”

मला ते पटेना. दोरी हाताला सगळीकडे सारखी लागत नव्हती. लहानपणी होडीचे दोर हातातून सोडताना मी पाहिलेले आहेत, सोडलेतही. जाडी बदलली की बोटाला कळते. कपाटातून स्क्रू गेज काढलं आणि दर दोन फुटांवर जाडी मोजायला लागले. वरचा थर मऊ होता, दाबला तर माप कमी येतं, म्हणून स्क्रू हलक्या हाताने टेकवायचा. मी आकडा सांगायची, ते लिहायचे. त्यांनी कागदावर आधी उभ्या रेघा मारून रकाने पाडले होते. सिग्नलच्या रजिस्टरची सवय. पन्नास फुटांपर्यंत एकच आकडा येत राहिला. त्यापुढे दोरी जाड व्हायला लागली. तीसेक फूट जाड चालली आणि अगदी शेवटी, रिळाच्या गाभ्याजवळ, परत निमुळती होत बारीक झाली.

ह्या दोऱ्यांची घडण एकच नसते. हिची घडण अशी होती की जड भाग पुढे आणि मागे नुसती बारीक शेपटी. म्हणजे जड भाग काठीच्या टोकातून आधी बाहेर पडायला हवा. भाऊजींच्या रिळात तो सगळ्यात आत होता. महिनाभर ते शेपटीच फेकत होते.

मी हे सांगितलं. ते कागदाकडे बघत राहिले.

“एका टोकाला बारकी चिठ्ठी चिकटवलेली होती,” ते म्हणाले. “काय ते न वाचता मी काढून टाकली.”

दुसऱ्या टोकाचे तीस फूट तोलले. नऊ ग्रॅम आणि वर दहावा हिस्सा. डब्यावरचा आकडा खरा होता.

मग काठीचं मोजमाप घेतलं. तिची पुसलेली अक्षरं परत येणार नव्हती, पण काठीची ताकद मोजता येते, हे मी मधल्या सुट्टीत फोनवर वाचलं होतं. काठी आडवी घट्ट बांधायची आणि टोकाला वजन टांगत जायचं. काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतकं टोक खाली आलं की थांबायचं. बाहेरच्या देशात लोक त्याला नाणी वापरतात. आमच्याकडे स्प्रिंगच्या प्रयोगाची वजनं होती. काठीची मूठ टेबलाला शिकंज्याने आवळली, मधे फडकं घातलं. ते भिंतीजवळ पट्टी धरून उभे राहिले, मी वजनं वाढवत गेले. शंभर ग्रॅमला काठी नुसती नमली. दीडशेला बरीच आली. दोनशेच्या जरा अलीकडे टोक खुणेवर आलं. फोनवरच्या तक्त्यात पाहिलं तर ती काठी सात नंबरची निघाली. पाच नंबरची दोरी सरळ लावली असती तरी तिला पुरली नसती.

सगळं आवरून मी वजनं डब्यात ठेवत होते. ते काठीचे दोन तुकडे वेगळे करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या लग्नाच्या वेळी मी नको म्हणालो होतो. तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे.”

“काय म्हणालो होतो तेही?”

“तेही.”

“तेव्हा मला तसं वाटलं होतं,” ते म्हणाले. “आता वाटत नाही. केव्हापासून वाटेनासं झालं ते सांगता येणार नाही.”

मी वजनाचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं. आम्ही रिक्षाने घरी आलो. वाटेत त्यांनी शाळेत मुलं किती ते विचारलं, मी सांगितलं. मला काही वाटलं नाही. निदान त्या दिवशी वाटलं नाही.

सोमवारी आठवीच्या वर्गात दाब शिकवत होते आणि फळ्यावर सूत्र लिहिताना मला एकदम राग आला. इतका की खडू तुटला. इतकी वर्षं मी जपून ठेवलेली गोष्ट त्या माणसाने वजनं आवरता आवरता काढली आणि बाजूला ठेवली. क्षमा मागितली नव्हती. मागितली असती तर मी काय म्हटलं असतं तेही मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, पहिल्यांदाच. त्याला ते माहीत होतं. तो म्हणाला, दादा आता म्हातारा झाला. मी म्हटलं, तेव्हा तरुण होता.

चार-पाच दिवस मी भाऊजींशी कामापुरतंही बोलले नाही. त्यांनी ते ओळखलं असावं. समुद्रावर जाणं बंद होतं, कारण सात नंबरची दोरी यायची होती; खरं तर ती मागवलेलीच नव्हती. आकड्यांचा कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. मी त्याच टेबलावर पेपर तपासायची, त्यामुळे तो रोज समोर यायचा.

शनिवारी ते आले, ह्या वेळी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, सात नंबरमध्ये दोन प्रकार आहेत. एक आपल्या पाच नंबरसारखी, वजन पुढे. दुसरी दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे सगळीकडे सारखी जाड. कुठली घ्यावी?

मी पेपर बाजूला केले नाहीत. म्हटलं, वजन पुढे असलेली घ्या. आपल्याकडे वारा असतो. जड भाग एकदा सुटला की बारीक शेपटी मागून सहज ओढली जाते, दोरी लांब जाते.

“लांब कुठे टाकायचीय?” ते म्हणाले. “समुद्रावर आपण शिकतोय नुसते. मासे धरायचे ते झरीकडच्या तलावात. तिथे काठाला झुडपं आहेत. काठी मागे न्यायला जागाच मिळायची नाही. दोरी पाण्यावरच वळवून पुढे लोटावी लागेल. त्याला मधे सारखी जाड दोरी बरी, असं म्हणतात.”

“मग ठरलंयच की तुमचं.”

“नाही. तुमचं मत विचारलंय, बाई.”

“माझं मत सांगितलं.”

ते म्हणाले, की सिग्नलची तार तुटली तर सिग्नल आपोआप लाल होतो. माणूस चुकणार, तार तुटणार, हे धरूनच ती रचना केलेली असते. दोन्हीकडून सारखी असलेली दोरी उलटी गुंडाळताच येत नाही. मी म्हटलं, चिठ्ठी वाचली तर दुसरीही येत नाही. हे मी बोलायला नको होतं, किंवा कदाचित तेच बोलायचं होतं. “बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि उठून गेले.

आमच्यात झालेला हा पहिला वाद. त्यानंतर मी पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागले. ठरवून नाही, दुसऱ्या दिवशी भाजी काय आणू असं त्यांनी विचारलं आणि मी गवार म्हटलं.

त्यांनी दोन्हीकडून निमुळती असलेलीच मागवली. आली तेव्हा गुंडाळायच्या आधी माझ्यासमोर आणून ठेवली. मी सोमवारी शाळेत नेऊन तिचे तीस फूट तोलले. बारा ग्रॅम, बरोबर सात नंबर. रिळावर आधी साधी बारीक दोरी भरली, मग तिला ही जोडली, पुढे नऊ फूट पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. तंगूस जोडायची गाठ त्यांना जमेना. व्हिडिओतली गाठ गुंतागुंतीची होती. मी वडिलांकडे पाहिलेली एक गाठ मारून दिली. ती चुकीची होती की बरोबर, मला माहीत नाही, पण सुटली नाही.

समुद्रावर पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. काठी वाकताना लांबूनही दिसत होती. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली आणि वाळूवर लांब आडवी पडली. पंधरा-सोळा पावलं भरली असतील. त्यांनी परत टाकली. तिसऱ्या वेळी वारा समोरून आला आणि दोरी अर्ध्यातच ढेपाळली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. वाऱ्यापुरतं माझं म्हणणं खरं होतं.

मग एका रविवारी नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही तिघं झरीच्या पुढच्या तलावावर गेलो. तिथे त्यांचं खरं ठरलं. बांधाला लागूनच झुडपं होती, मागे काठी नेता येत नव्हती. ते दोरी पाण्यावर हळू मागे ओढायचे, खांद्यामागे तिचा फुगा होऊ द्यायचे आणि एका झटक्यात पुढे लोटायचे. दोरी पाण्यावर चाकासारखी गोल फिरत उलगडायची. पहिले दोन रविवार काही मिळालं नाही. नवरा गाडीत झोपायचा, मी पेपर न्यायची.

तिसऱ्या रविवारी तळहाताएवढा एक मासा लागला, चिलापी. तो काठाशी आणेपर्यंत भाऊजींचा श्वास फुलला. मासा धरायचा कसा ते त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या पाठीचे काटे उभे होते. मी पुढे झाले, डोक्याकडून मागे हात फिरवून काटे मिटवले, गळ काढला. ते वाकून बघत होते.

“असं धरायचं होय,” ते म्हणाले.

मी मासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो थोडा वेळ दोन्ही हातांत धरला, मग पाण्यात सोडला. नवरा म्हणाला, अरे, ठेवायचा की.

आता ते रविवारी एकटेच जातात. तलासरीपर्यंत एसटीने, पुढे मिळेल त्या जीपने. मी वर्षातून तीन-चारदा जाते. लग्नाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी त्यांना माफ केलं का, असं मुलीने एकदा फोनवर विचारलं. मी म्हटलं, तसा काही निर्णय मी घेतलेला नाही. बोलतो आम्ही, पुष्कळ बोलतो. वाढवणला होणाऱ्या बंदराचं काम, माझ्या माहेरच्या लोकांचं पुढे काय होणार, शाळेतली नवी हजेरी, रेल्वेतले जुने किस्से. ते ‘बाई’च म्हणतात.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा त्यांची दोरी बाभळीत अडकली. ते ओढत होते, मी नको म्हटलं, वरचा थर सोलला जाईल. मी फांदी वाकवून धरली आणि त्यांनी एकेक काटा बाजूला करत दोरी मोकळी केली. तासभर लागला. हाताला ओरखडे आले. त्या दिवशी पुन्हा दोरी पाण्यात पडली नाही. तलासरीच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला, आणि डहाणूची गाडी लागलेली होती म्हणून तो जरा घाईत संपवला.